बडोद्याची मगर, आमचं ॲप आणि साठ सेकंदांचा व्हिडिओ

आम्ही सांगलीकर, त्यामुळे मगर आम्हाला नवीन नाही. औदुंबर, भिलवडीकडे कृष्णेत मगरी आहेत हे लहानपणापासून ऐकलेलं, नदीवर जाऊ नका म्हणून ओरडाही खाल्लेला. पण ती गावाबाहेरची, नदीकाठची गोष्ट. इथे बडोद्यात विश्वामित्री पावागडाकडून येते आणि शहराच्या बरोब्बर मधून जाते, आणि तिच्यात चारशेच्या वर मगरी राहतात. हिवाळ्यात दुपारी कमाटीबागेजवळच्या पुलावर थांबलात तर खाली काठावर ऊन खात पडलेली एखादी दिसतेच. वर रिक्षा, स्कूटरी, कॉलेजची पोरं आणि खाली ती निवांत. घरून फोन आला की आई आधी विचारते जेवलीस का आणि मग लगेच मगर दिसली का.

तर या वर्षीचा आमचा कॉलेजचा प्रोजेक्ट याच मगरींवर आहे, एक ॲप आणि त्याचा ॲनिमेटेड प्रोमो. घरचे, मैत्रिणी सगळे विचारतायत की नक्की करता काय तुम्ही, म्हणून नीट लिहिते.

सुरुवात २०२४ च्या पुरापासून करावी लागेल. त्या ऑगस्टला विश्वामित्रीचं पाणी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेलं आणि पाण्याबरोबर मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या. अकोटा भागात घराच्या छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो तुम्हीही पाहिला असेल, तो इथलाच. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्याने वस्तीतून २४ मगरी बाहेर काढल्या. मी दांडिया बाजारात ज्या काकूंकडे राहते (यांचे पूर्वज गायकवाडांच्या नोकरीत इकडे आले ते इथलेच झाले, घरात अजून स्वच्छ मराठी) त्यांची बहीण अकोट्याला असते. काकू सांगतात, "अगं तिच्या कंपाउंडमध्ये मगर आणि वर ही सगळी गॅलरीत उभी, लाइट नाही, फोन कुणाला करायचा तेच माहीत नाही, जो तो व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवतोय."

ते ऐकून टीममधल्या सगळ्यांना एकदम पटलं की करायचं ते हेच, एक बटण दाबलं की मगर कुठे आहे ते बचाव पथकाला कळवणारं ॲप. अडचण मगर नाही, घाबरलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात काय करायचं ते न कळणं ही खरी अडचण आहे.

आम्ही पाच जण आहोत, दोघं कोडिंगवाले, एक इंदूरची मुलगी आवाज आणि एडिटिंग बघते, राजकोटचा एक जण आणि मी स्क्रीन आणि ॲनिमेशन. सगळ्यात मोठं भांडण नकाशावरून झालं. कोडिंगवाल्यांना नकाशावर लाइव्ह टाचण्या हव्या होत्या, इथे मगर, तिथे मगर, दिसायलाही भारी. मग आम्ही मगर पकडायला जाणाऱ्या स्वयंसेवकांना भेटलो आणि त्यांनी सांगितलं की मगर पकडणं हे अर्धंच काम, उरलेलं अर्धं गर्दी आवरणं. टाचणी दिसली की लोक मोबाइल घेऊन तिथे धावणार, कुणी दगड मारणार, आणि हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. त्यामुळे जागा फक्त बचाव पथकाला कळेल, बाकीच्यांना काहीच दिसणार नाही असं ठरलं. मला हा निर्णय अजूनही सगळ्या प्रोजेक्टमधला सगळ्यात चांगला वाटतो.

दुसरं म्हणजे पुरात नेट जातं. जीपीएसला नेट लागत नाही, तेव्हा ॲप जागा स्वतः शोधतं आणि साध्या एसएमएसमध्ये टाकून पाठवतं, टॉवर चालू असला की झालं. स्क्रीन काळी ठेवली कारण लाइट गेलेले असताना बॅटरी पुरवायची असते आणि बऱ्याच फोनमध्ये काळ्या रंगाला बॅटरी कमी लागते. बटण एकच, अर्ध्या स्क्रीनएवढं. बोटासाठी बटण किमान केवढं असावं याचे नियम आहेत, अँड्रॉइडचं ४८ युनिटचं वगैरे, पण ते कोरड्या आणि शांत बोटासाठी. आम्ही काकूंच्या मोरीत नळाखाली हात धरून तसेच ओले हात फोनला लावून बघितले, थेंब पडले की स्क्रीन भलतीकडेच दाबल्यासारखी वागते, लहान बटण लागतच नाही आणि शेजारचं लागतं. काकू भांडी घासता घासता उठून आल्या, पदराला हात न पुसता त्यांनी अंगठा टेकवला आणि तो लागला, तेव्हाच ते बटण फायनल केलं. गुजराती आणि मराठी मजकुरात ओळींमधली जागाही वाढवावी लागली, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, इंग्रजीच्या हिशोबाने बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये हा त्रास नेहमीचाच.

आता व्हिडिओ. साठ सेकंदांचा, सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे १४४० फ्रेम, पण एक चित्र दोन फ्रेम धरायचं असं केलं की ७२० चित्रांत भागतं, हाताने काढलेल्या ॲनिमेशनची ही जुनी रीत. आधी स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगाप्रसंगाची कच्ची चित्रं, मग त्याच चित्रांना कच्चा आवाज लावून ॲनिमॅटिक, कुठे कंटाळा येतो ते तिथेच कळतं. बॅकग्राउंडसाठी रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात जाऊन स्केचेस केली, लाकडी वाडा आणि आत भिंतभर जुनी चित्रं, बडोद्याला आलात तर लक्ष्मी विलास पॅलेसच्या आधी हे बघा असं मी सगळ्यांना सांगते.

मगर मात्र कुठल्याच चित्रावरून नीट जमत नव्हती, मग पुलावर जाऊन तासन् तास बघत बसलो. पहिल्या स्टोरीबोर्डमध्ये ती जबडा वासून येते असं होतं, भीती वाटावी म्हणून. पण काठावर पडलेली मगर तोंड उघडं ठेवते ते अंग तापलं की उष्णता बाहेर सोडायला, चिडून नव्हे. आणि चालताना ती पोट घासत सरपटतेच असं नाही, चारही पाय अंगाखाली घेऊन पोट उचलून चालते, पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय बरोबर, शेपटी एक क्षण उशिरा वळते. ही चाल बसवली आणि आमची मगर एकदम खरी झाली, व्हिलन उरलीच नाही. राजकोटवाल्याला तर याचा फार आनंद झाला कारण त्यांच्या घरी खोडियार माताजीचा फोटो आहे, देवीचं वाहन मगर, आणि त्याची आजी नदीवर मगर दिसली की हात जोडते. व्हिडिओत आता माणसंच गोंधळ घालतायत, मगर कंपाउंडच्या कोपऱ्यात गप्प बसलेली, आणि एक बाई पोरांना मागे ओढून अंगठा टेकवते.

त्या बाईचा मराठी आवाज काकूंचा. मी लिहून दिलेलं वाचलं आणि म्हणाल्या, "कृपया सुरक्षित अंतर ठेवा असं दारात मगर असताना कोण बोलतं गं? मी तर म्हणेन, ए मागे व्हा, मागे, दार लावा आधी!" तेच घेतलं, एका टेकमध्ये, मागे कुकरची शिट्टी आली ती पण ठेवली.

याच शहरात सयाजीरावांनी काढलेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले. त्याच फाळक्यांनी पुढे आगपेटीतल्या काड्या एकेक करून हलवत फिल्म केली होती, म्हणजे ॲनिमेशनच की. रात्री शेपटीची फ्रेम न् फ्रेम सरकवताना हे आठवतं आणि फार बरं वाटतं, आपण योग्य गावात आलो असं.

गुजराती आणि मराठी आवाज झालेत, हिंदीचं रेकॉर्डिंग बाकी आहे. पावसाळ्याच्या आधी ॲप आधी स्वयंसेवकांच्याच फोनवर टाकून बघायचं ठरलंय. आणि मराठी मी हट्टाने घातली ती फक्त बडोद्यासाठी नाही, आपल्याकडे सांगलीत २०१९ च्या महापुरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, चिपळूणच्या रस्त्यावर मगर फिरताना दिसली ते पण बघितलंय. तेव्हा भिलवडी, पलूस, औदुंबरकडचं कुणी वाचत असेल तर मला एवढंच सांगा की तुमच्याकडे नदीकाठी मगर दिसली की सगळ्यात आधी कुणाला हाक मारता, पोलीस पाटलांना, सरपंचांना, वनरक्षकाला की आणखी कुणाला? ॲपमध्ये पहिला नंबर त्यांचाच घालायचा आहे.