पुण्यतिथीचा सप्ताह आन् धुऱ्याचं नाटक

अश्विन वद्य पंचमी जवळ आली की आमच्या चिमूरकडच्या गावात वर्गणीच्या आधी भांडण सुरू व्हायचं, यंदा नाटक कोणतं यावरून. तुकडोजी महाराज १९६८ च्या ११ ऑक्टोबरला गेले, तेव्हापासून तिथीप्रमाणे पुण्यतिथी, आणि गुरुदेव सेवा मंडळाचा सप्ताह नेमका सोयाबीन काढणीच्या ऐन धामधुमीत यायचा. लोक दिवसभर कापणी करून थकलेले, तरी रात्री मंडपात हजर. आता हे नवीन पोट्ट्यांना सांगितलं तर खोटं वाटते.

पहाटे रामधून निघायची. त्याआधी आम्हा पोरांचं काम म्हणजे खंजेरी शेकणं. दवानं कातडं ढिलं पडते, मग वाजवली तर नुसता फदफद आवाज, म्हणून तुराट्यांचा जाळ करून त्यावर लांबून फिरवायची, मधेमधे बोटानं टिचकी मारून पाहायची, जास्त जवळ नेली तर कातडं तडकलंच समजा. टण् वाजली की बुवा हात पुढे करायचे. याच खंजेरीवर महाराजांनी या भागात भजनं म्हटली, इथून जवळच गोंदेड्याला त्यांची तपोभूमी. १९४२ ला १६ ऑगस्टला चिमूरला इंग्रजांविरुद्ध जो उठाव झाला त्याच्यात त्यांच्या भजनांचा मोठा हात होता, इंग्रजांनी त्यांना नागपूर, रायपूरच्या जेलात टाकलं ते काय उगीच? आमचे बुवा हे दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी थोडं वाढवून सांगायचे, ते सोडा.

रामधून झाली की ग्रामसफाई, मग ग्रामगीतेचं वाचन. ४१ अध्याय, सप्ताहात बसवायचे म्हणजे वाचणाऱ्याचा घसा बसायचा.

पण मला खरं आठवते ते पंगतीचं. आधी जेवायला सगळे, पण वाढायला ठरावीक घरचे, आणि कोण कुठं बसणार हेही न सांगता ठरलेलं. मंडळाचे अध्यक्ष रिटायर गुरुजी होते, त्यांनी एका वर्षी भाषण वगैरे काही न देता सरळ डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. कुणबी, तेली, माना, बौद्ध, सगळ्या मोहल्ल्यांची नावं, ज्याची चिठ्ठी निघेल त्या मोहल्ल्यानं त्या दिवशी रांधायचं आणि वाढायचं. पहिल्या वर्षी एक आजी पानावरून उठून गेली, तिच्यामागं अजून काही जण गेले. गुरुजींनी कुणाला थांबवलं नाही, डबाही बदलला नाही. पुढच्या वर्षी त्याच आजीला तिच्या सुनेनंच आणून बसवली, "बसा ना आत्याबाई, आलू-वांग्याची भाजी काय जात इचारते का?" आजी जेवली, वरून मीठ कमी आहे म्हणाली.

नाटकाचं तर विचारूच नका, झाडीपट्टीतला, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातला माणूस मंडई (गावची जत्रा) आणि नाटकाशिवाय जगत नाही. पण सप्ताहातलं नाटक कंपनीचं नसायचं, गावच्याच लोकांचं, आणि विषय गावातलाच. एकदा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोन शेजाऱ्यांची कोर्टात केस चालू होती, बोलणं बंद, एकमेकांच्या दारावरून जाणंही बंद. गुरुजींनी दोघांनाही नाटकात घेतलं, आणि पार्ट असे दिले की याचं बोलणं त्यानं बोलायचं, त्याचं यानं. तालमीत दोघंही अडून बसले. एक म्हणे, "गुरुजी, मी असा बोलतच नाही, ह्यो मले बदनाम करून राहिला." दुसरा म्हणे, "मंग कसा बोलते, तूच सांग." आणि त्यानं सांगितलं! महिन्याभरानं पहिल्यांदा दोघं एकमेकांशी बोलले ते असं, डायलॉग दुरुस्त करायला. केस काही मिटली नाही, खोटं कशाला बोलू, पण नंतर तारखेला दोघं एकाच मोटारसायकलवर जायचे, पेट्रोल अर्धं अर्धं.

दारूबंदीचं नाटक पोरींनी बसवलं ते बरंच नंतरचं. २०१० ला चिमूरहून बाया पायी नागपूरच्या विधानभवनावर गेल्या होत्या, ते पाहिलेल्या आमच्या ताया-वहिन्या होत्या त्यात. मंडपाची निम्मी वर्गणी द्यायला गावातला दारू विकणारा तयार होता, मंडळानं परत केली, त्या वर्षी मंडप छोटा झाला आणि लोक बाहेर दवात बसले. तो विकणारा पण आला, सगळ्यात पुढे बसला. पोरींनी त्याच्या नजरेला नजर देऊन डायलॉग म्हटले. २०१५ ला आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात बंदी झाली, २०२१ ला उठली पण, आता नाटक पुन्हा काढा म्हणून त्याच पोरी, ज्या आता स्वतः आया झाल्या, मागे लागल्यात.

पंचमीला संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन. महाराजांच्या आश्रमात मोझरीला लाखो लोक उभे राहतात, आमच्याकडे पीठगिरणी बंद व्हायची, थ्रेशर बंद व्हायचं, पोट्टे पण गप.

यंदाच्या मीटिंगला डीजे आणि एलईडी स्क्रीनचा विषय निघाला होता. मी सरळ विरोध केला, तेवढ्या पैशात पाच नव्या खंजेऱ्या येतील. निर्णय अजून झाला नाही. नाटक मात्र पक्कं, मोबाईलवरच्या जुगाराचं, सावकाराचा पार्ट करायला कोणी तयार नाही, पुण्याला असलेल्या गावच्या पोरांपैकी कोणाला जमत असेल तर सांगा बाप्पा, तालीम रात्री आठला शाळेत.