तुम्ही विचारलंत म्हणून: एमएसडब्ल्यू झालंय, आता नोकरी कशी लागेल?

"ताई, एमएसडब्ल्यू झालंय, कुणाची ओळख नाहीये, नोकरी कशी लागेल?" एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्याच्या मास्टर्सचा, रिझल्ट लागला की हा मेसेज मला दरवर्षी येतो. पाठवणारी पोरं आमच्या नाशिक जिल्ह्यातली, सुरगाण्याची, पेठची, कळवणची, कधी सिडको नाहीतर नाशिकरोडची. प्रत्येकाशी मी फोनवर बोलते आणि फोन ठेवला की आठवतं, अरे महत्त्वाचं सांगायचं राहिलंच. म्हणून एकदा नीट बसून लिहितेय.

आधी माझं सांगते. मी नाशिकरोडची, वडील, म्हणजे अण्णा, प्रेसमध्ये. बाहेरच्यांना सांगते, नाशिकरोडला प्रेस म्हणजे पेपरचा नाही, नोटा आणि स्टॅम्प छापतात तो. आमच्याकडे नोकरी म्हणजे शिफ्ट, गेटपास आणि ठरलेल्या तारखेला पगार. मी एमएसडब्ल्यूला ॲडमिशन घेतली तेव्हा अण्णांनी एकच विचारलं, "समाजसेवेला पगार असतो का गं?" मला तेव्हा खूप राग आला होता, वाटलं यांना काही कळतच नाही. पुढे पहिल्याच नोकरीत कळलं की हा प्रश्न मीच विचारायला हवा होता, मोठ्याने, जॉइन व्हायच्या आधी. त्यावर पुढे येतेच.

नोकरी लागली कशी, तर फील्डवर्कमधून. एमएसडब्ल्यूला दोन वर्षं आठवड्याचे दोन दिवस फील्डवर्क असतं आणि खरं सांगायचं तर निम्मी मुलं ते सहीपुरतं करतात, रिपोर्ट सीनियरचा बघून लिहितात. माझं दुसऱ्या वर्षाचं फील्डवर्क पेठ तालुक्यात होतं, नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सकाळची एसटी, सावळ घाटाच्या पलीकडे उतरायचं आणि मग पाड्यापर्यंत चालत. काम काय, तर अंगणवाडीतल्या मुलांच्या दंडाचा घेर मोजायला ताईंना मदत करायची. पट्टी असते त्याची, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरच्या खाली भरला की ते मूल तीव्र कुपोषित. दिवाळीनंतर गेले तर पाडा अर्धा रिकामा. भाताची कापणी झाली की माणसं दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे द्राक्षाच्या कामाला जातात, लेकरं बरोबर घेऊन, ते थेट होळीला परत. रजिस्टरमध्ये फक्त 'गैरहजर'. म्हणजे ज्या मुलाचा दंड ११ भरला होता ते मूल आता कुणाच्याच यादीत नाही, इथेही नाही आणि तिकडेही नाही.

मी एक दोनशे पानी वही केली. कुठलं घर, कुठे गेलं, कोणत्या मुकादमाबरोबर, कुठलं पोर बरोबर नेलं, कुठलं आजीपाशी ठेवलं, परत कधी येणार. कुणी सांगितलं नव्हतं, मला त्या मुलांची काळजी वाटायची म्हणून लिहीत गेले. उपकेंद्राच्या सिस्टरने ती वही बघितली, त्यावरून तिने दोन मुलं पिंपळगावच्या बाजूला शोधून काढली आणि तिथल्या आरोग्य केंद्राला कळवलं. नंतर एका संस्थेला त्या भागात फील्ड कोऑर्डिनेटर हवा होता तेव्हा सिस्टरनेच माझं नाव सांगितलं. मुलाखतीत माझे मार्क कुणी विचारले नाहीत, वही मात्र पंधरा मिनिटं चाळली. आता याला ओळख म्हणाल तर ओळख, पण ती आत्या-मामाची नव्हती, कामाची होती, आणि अशी ओळख तुम्ही सगळे करू शकता. तुमच्या फील्डवर्कच्या जागी अंगणवाडी सेविका आहे, आशा आहे, ग्रामसेवक आहेत, सिस्टर आहे, निरीक्षणगृह असेल तर तिथल्या अधीक्षक आहेत. जागा रिकामी होणार हे या लोकांना जाहिरातीच्या आधी माहीत असतं.

आता अण्णांचा प्रश्न. त्या पहिल्या नोकरीत मला नेमणूक पत्रच मिळालं नाही. "आपण कुटुंब आहोत" असं म्हणाले आणि मला ते खूप छान वाटलं. सहा हजार मानधन ठरलं होतं. चार महिने मिळालं, मग तीन महिने नाही, फंड अडकलाय म्हणाले. पाड्यावरचं काम थांबवणं मला जमलं नाही, एसटीचे पैसे आईकडून घेऊन जायचे. ते तीन महिने आजपर्यंत मिळालेले नाहीत आणि हातात कागदच नसल्यामुळे मागायचे तरी कशाच्या जोरावर.

म्हणून हे नीट समजून घ्या की संस्थेत तुमचा पगार हा बहुतेक वेळा एखाद्या प्रोजेक्टच्या बजेटमधली एक ओळ असतो. प्रोजेक्ट संपला की ती ओळ संपते. त्यामुळे मुलाखतीत विचारायचंच की हा प्रोजेक्ट कोणाच्या फंडावर आहे आणि कधीपर्यंत आहे. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामावर करायचा सक्तीचा खर्च, २०१३ च्या कंपनी कायद्याने आला, १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला, ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो, आणि हा हिशोब आर्थिक वर्षाचा असतो, म्हणून मार्चमध्ये बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो आणि नवीन भरती एप्रिलनंतर हलायला लागते. परदेशी फंडाचं वेगळं, एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, त्याच्या २०२० च्या दुरुस्तीत ऑफिसच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली. त्यामुळे मी तरी नवीन मुलांना सांगते की सुरुवात फील्डच्या जागेवरूनच करा, ऑफिसच्या खुर्चीची वाट बघत बसू नका.

आणखी काय विचारायचं, तर नेमणूक पत्र कधी मिळेल, पगार आहे की मानधन, वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ लागतो मग तो कापता का, पेट्रोलचे पैसे किलोमीटरने की ठोक, मुक्काम पडला तर राहायचं कुठे. मुलींनो, दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी, २०१३ चा कायदा आहे, ती आहे का आणि त्यात कोण आहे हे पण विचारा. "पैशाचं विचारलं तर सेवाभाव नाही असं वाटेल" ही भीती मला खूप जणी बोलून दाखवतात. ज्यांना असं वाटतं त्यांच्याकडे जाऊच नका. ज्याला स्वतःच्या पगाराचं बोलता येत नाही तो वीटभट्टीवरच्या मजुराच्या हिशोबासाठी मालकापुढे कसा उभा राहणार? आणि कुणी नोकरीसाठी डिपॉझिट किंवा ट्रेनिंगचे पैसे मागितले तर तिथेच उठायचं.

सरकारी बाजूला जागा आहेत पण बहुतेक कंत्राटी, बऱ्याचदा अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, हिंसा सोसलेल्या महिलांसाठीचं सखी वन स्टॉप सेंटर, राष्ट्रीय आरोग्य अभियान, एचआयव्ही तपासणी केंद्रातले समुपदेशक, बचत गटांचं उमेद अभियान. पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी जो विशेष कक्ष चालतो, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने १९८४ ला मुंबईत सुरू केलेला, त्यातही समाजकार्यातलीच माणसं लागतात. कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक. जिल्ह्याच्या आणि झेडपीच्या वेबसाइटवर भरतीचं पान असतं, ते आठवड्यातून एकदा स्वतः उघडायचं, व्हॉट्सॲपवर फिरून येईपर्यंत तारीख गेलेली असते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत एचआरमध्ये जायचं असेल तर तोही जुना रस्ता आहे, १९४८ च्या कारखाने कायद्यात पाचशे कामगार असले की वेल्फेअर ऑफिसर नेमायचा असं होतं, आमचे कितीतरी सीनियर तसे गेले. मला त्यातलं फार माहीत नाही.

हॉस्पिटलचं मात्र माहीत आहे कारण मी आता तेच करते. धर्मादाय हॉस्पिटलला १० टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावे लागतात, विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एए खाली. हे कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात रात्री हरसूलहून आलेल्या बाईकडे रेशनकार्ड नसतं, उत्पन्नाचा दाखला नसतो, नवरा आयसीयूत असतो, आणि बिलिंग काउंटर आणि ती बाई यांच्यामध्ये मेडिकल सोशल वर्कर उभी असते. या कामाला माणसं कमी पडतात, आणि येणाऱ्यांना तहसीलमध्ये कोणता दाखला कोण देतं हे माहीत नसतं. ते शिकून या, लगेच वेगळे दिसाल.

मुलाखतीचं एक सांगते कारण मी यात एकदा नापास झालेय. प्रश्न होता, चौदा वर्षांच्या मुलीचं उद्या लग्न आहे, तुम्हाला आज संध्याकाळी कळलं, काय कराल? मी म्हणाले, आईवडिलांचं समुपदेशन करीन. समोरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तोपर्यंत हळद लागलेली असेल." त्यांना ऐकायचं होतं की १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन, गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो त्याला आणि पोलिसांना कळवणं, मुलगी आज रात्री कुठे सुरक्षित आहे ते बघणं, बाल कल्याण समिती, आणि समुपदेशन त्यानंतर, पण ते महिनोन् महिने. तुम्हाला असाच प्रश्न येणार. केसवर्कच्या व्याख्या कुणी विचारत नाही, पहिल्या तासात काय कराल ते विचारतात.

आणि सुरगाणा-पेठच्या मुलांसाठी खास. तुमचे सीव्ही मी बघते, भाषांमध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी, बस. अरे, कोकणी कुठे गेली? गोव्याची नाही, घरी आजीशी जी बोलता ती आपली आदिवासींची कोकणी! शहरातून आलेल्या हुशार मुलीला पाड्यावरची म्हातारी जे सहा महिने सांगत नाही ते तुम्हाला चुलीपाशी दहा मिनिटांत सांगते, आणि ती भाषा तुम्ही लाजून लपवता, मला खरंच वाईट वाटतं. पहिल्या पानावर वर लिहा, कोकणी उत्तम बोलता येते. इंग्रजी रिपोर्ट आणि एक्सेल शिकावं लागेलच, पण ते वर्षभरात येतं.

टू व्हीलर लागते का असं परवा एकीने विचारलं. लागते. लायसन्स काढून ठेवा, एसटीच्या वेळेवर पाड्याचं काम होत नाही.

सीव्ही जरूर पाठवा, मी बघते. त्याबरोबर फील्डवर्कच्या वहीतल्या दोन पानांचे फोटो पाठवा, लोकांची नावं झाकून. मी आधी ते वाचेन.