पाऊण इंच

एप्रिलमध्ये सिटीचं, म्हणजे इथल्या अमेरिकेतल्या नगरपालिकेचं, पत्र आलं. सिटीचं पत्र म्हणजे पाण्याचं बिल नाहीतर टॅक्स, त्यामुळे मी ते दोन दिवस फ्रिजवर मॅग्नेटखाली तसंच ठेवलं, शेवटी बायकोने उघडलं आणि म्हणाली, अरे आपला फुटपाथ खचलाय म्हणे. मी म्हटलं, आपला कुठला फुटपाथ? घर आपलं, फुटपाथ सरकारचा.

तर नाही. घरासमोरच्या फुटपाथच्या दोन स्लॅबमध्ये पाऊण इंचापेक्षा जास्त फरक पडलाय, 60 दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर आम्ही आमच्या कॉन्ट्रॅक्टरकडून करून घेऊ आणि बिल तुमच्या टॅक्सला जोडू, असं सरळ लिहिलेलं. (स्लॅब म्हटलं की आपल्याला छप्पर आठवतं, पण इथे जमिनीवरच्या काँक्रीटच्या चौकोनालाही स्लॅबच म्हणतात.) बाहेर जाऊन बघितलं तर खरंच ड्राइव्हवेच्या कडेच्या स्लॅबवर गुलाबी स्प्रेचा ठिपका. म्हणजे कोणीतरी आमच्या दारात येऊन, वाकून, मोजून, रंग मारून गेलं आणि आम्हाला पत्ता नाही. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी आणून मोजलं. 22 मिलिमीटर. पाऊण इंच म्हणजे 19. तीन मिलिमीटरसाठी पत्र! सोलापुरात आमच्या गल्लीत उन्हाळ्यात दोन दिवसांत तेवढी धूळ बसते.

मला खरंच राग आला. आधीच बर्फ पडला की याच फुटपाथवरचा बर्फ मीच उपसायचा, टॅक्स मीच भरायचा आणि आता काँक्रीटही माझंच. अमेरिकेतल्या पुष्कळ शहरांत हे असंच आहे. डेन्व्हरमध्ये लोकांनी 2022 ला मतदान करून फुटपाथ शहराच्या गळ्यात घातले, पण त्यासाठी घरमालकांकडून वेगळी फी घेणं आलंच, म्हणजे पैसे शेवटी आपल्याच खिशातून. आणि आमच्या मिशिगनची गंमत तर ऐका. फुटपाथवर अडखळून कोणी पडलं आणि त्याने सिटीवर केस केली, आणि मुद्दा निव्वळ उंचसखलपणाचा असेल, तर फरक 2 इंचांपेक्षा कमी असताना फुटपाथ ठीकच होता असं कायदा धरून चालतो. म्हणजे सिटीला दोन इंच माफ आणि मला पाऊण! हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, सगळे हसले आणि म्हणाले हो, आम्हालाही आलं होतं, भरून टाक. कोणालाच राग येत नाही या लोकांना.

आणि फुटपाथ तरी कोणासाठी? डेट्रॉइटच्या बाजूची ही उपनगरं, संध्याकाळी सहा वाजता अख्खा ब्लॉक फिरून या, एखादा कुत्रा आणि त्याच्या मागे एक माणूस, संपलं. आपल्याकडे फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, पेव्हर ब्लॉक डुगडुगतायत, मध्येच डीपी, पण माणसं तर आहेत ना चालणारी! शेजारच्या आजी मात्र वॉकर घेऊन रोज सकाळी जातात हे मला मान्य करावं लागेल. त्या आमच्या घरापाशी आल्या की वॉकर उचलून गवतावरून जायच्या, हे मी चार महिने खिडकीतून बघत होतो आणि मला वाटायचं त्यांना गवत आवडतं.

असो. मी म्हटलं यात काय एवढं, सिमेंटचा मसाला आणून त्या पायरीला उतार देऊन टाकू, एका शनिवारचं काम. सिटीला फोन केला तर तिथला माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, तसं चालणार नाही. कडेला पातळ होत गेलेला मसाला इथल्या थंडीत टिकत नाही, खाली पाणी शिरतं, त्याचा बर्फ होताना ते नऊ टक्के फुगतं आणि एकाच हिवाळ्यात पापुद्रा सुटतो. तीनच गोष्टी चालतील म्हणाला, वर आलेली कड घासून काढा, स्लॅब तोडून नवीन ओता नाहीतर खचलेला उचला. मी विचारलं, उचला म्हणजे? पाच बाय पाच फूट, चार इंच जाड, साडेपाचशे किलोच्या वर जातं हे धूड.

तर उचलतात. आणि इथे मला या लोकांचं कौतुक करावंच लागेल. काँक्रीट म्हणजे यांचा जुना नाद, अमेरिकेतला पहिला काँक्रीट हायवेचा मैल 1909 मध्ये इथेच डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर झाला, मी रोज तो रस्ता ओलांडून ऑफिसला जातो. उचलायची जुनी पद्धत म्हणजे स्लॅबला पेढ्याएवढी भोकं पाडून खाली माती, सिमेंट आणि पाण्याचा रबडा पंपाने भरायचा. नवी पद्धत फोमची. दोन द्रव वेगवेगळ्या नळ्यांतून येतात, बंदुकीच्या तोंडाशी मिसळतात आणि आत गेल्यावर फुगतात.

रात्री अप्पांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. अप्पा बांधकामावर सुपरवायझर होते, तीस वर्षं. ते म्हणाले, रबडाच घाल, मातीला माती बरी, थर्माकोलवर काँक्रीट ठेवतात व्हय रे? मी त्यांना समजावलं की फोम हलका आहे म्हणूनच चांगला, खालची माती आधीच दबलीय, तिच्यावर अजून शंभर-दीडशे किलोचा रबडा कशाला. त्यांना पटलं नाही. म्हणाले, ते तू काय भरायचं ते भर, पण पाणी कुठनं येतंय ते बघ की आधी. काँक्रीट आपणहून खाली जात नसतंय.

मी म्हटलं अप्पा, इथली माती चिकण आहे, थंडीत फुगते, उन्हाळ्यात आकसते. तर म्हणाले, सोलापूरच्या पोराला काळी माती शिकवतोस?

बरोबर आहे त्यांचं. आमच्या घराचं जोतं भरताना मी सात-आठ वर्षांचा असेन, अप्पा स्वतः उभं राहून वीत-वीतभर मुरमाचा थर टाकायला लावायचे, पाणी मारायचं, धुमस करायची, मग पुढचा थर, महिनाभर तेच चाललेलं. आजही घरात एक फरशी हलत नाही. अंगणातला कोबा मात्र खचलाय, तुळशीपाशी चांगला दोन इंच, आणि तो कोबा मी करून घेतलेला. 2019 ला तीन आठवड्यांच्या रजेवर गेलो होतो, म्हटलं आई-अप्पांसाठी काहीतरी करून जाऊ, शुक्रवारी कॉन्ट्रॅक्टर धरला, त्याने दोन ट्रॉल्या भराव एका दिवसात ओतला, वरनं पाणी मारल्यासारखं केलं आणि सोमवारी कोबा. अप्पा म्हणत होते एक पावसाळा बसू दे, पण माझं विमान गुरुवारी होतं, मी तरी काय करणार. आता आई तिथे वाकडं पाऊल टाकते. पुढच्या वेळी आलो की करू असं मी तीन वर्षं म्हणतोय. पैसे पाठवायला मी कधी नाही म्हटलेलं नाही, पण कामावर उभं कोण राहणार, अप्पांना आता तेवढं उन्हात बसवत नाही, आणि तिथे काही 60 दिवसांचं पत्र येत नाही. आलं असतं तर झालं असतं का काम? असतं बहुतेक. हे मी बायकोला बोललो आणि ती नुसती बघत राहिली.

फोमवाले दोघं आले, मंगळवारी सकाळी आठला म्हणजे आठला. त्याच्या आधी 811 ला (खोदायच्या आधी इथे या नंबरवर सांगावं लागतं) कळवून गॅस आणि विजेच्या लायनींच्या खुणा करून झालेल्या, पिवळे आणि लाल झेंडे गवतात, मुलगा म्हणाला आपल्याकडे वाढदिवस आहे का. एकाने ड्रिल लावलं, करंगळी जेमतेम जाईल एवढं भोक, स्लॅबला अशी चार. दुसऱ्याने बंदूक टेकवली, दोन-तीन सेकंद दाबली, थांबला. परत दाबली. काहीच होईना. तो बूट स्लॅबवर ठेवून उभा, जणू नाडी बघतोय. मग सांध्यातून मुंग्या बाहेर यायला लागल्या, अंडी तोंडात धरून, रांगच्या रांग, आणि त्यांच्या मागोमाग बारीक कर्र असा आवाज आला आणि ती गुलाबी ठिपक्याची कड वर सरकायला लागली. डोळ्यांना दिसतं हो! साडेपाचशे किलो, आणि एखादी पोळी फुगावी तसं निवांत. त्याने पातळी लावली, एक टिचकीभर फोम अजून, झालं. पाऊण तासात सगळं आवरून भोकं मसाल्याने बुजवली. सांध्यातून थोडा फोम वर आला होता तो घट्ट झाल्यावर पत्रीने खरवडून काढला, पिवळसर, जाळीदार, थेट म्हैसूरपाक. मुलाने एक तुकडा ठेवलाय शोकेसमध्ये.

नऊशे डॉलर. कमीत कमी तेवढेच घेतात, एक स्लॅब असो की तीन. रुपयात किती होतात ते मी अप्पांना सांगितलं नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. फोम भरायच्या आधी त्या माणसाने मला बोलावलं, ड्राइव्हवेच्या बाजूची माती जराशी उकरली आणि टॉर्च मारला. स्लॅबखाली पोकळी, माझा हात मनगटापर्यंत आत गेला. ओल होती, बारीक वाळू धुवून राहिलेली. तो काही बोलला नाही, फक्त मान वळवून गॅरेजच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे पन्हळीचा पाइप खाली येतो. त्याला पुढे पाणी लांब नेणारा चार फुटी तुकडा असतो, आमचा नव्हता. म्हणजे होता, मीच दोन वर्षांपूर्वी काढून गॅरेजमध्ये ठेवलेला, कारण लॉनमोवर दर वेळी त्याला धडकायचा. गॅरेजच्या पाचशे चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला तरी साधारण बाराशे लिटर पाणी होतं, ते सगळं त्या कोपऱ्यात पडून ड्राइव्हवेच्या कडेने वाहत येऊन नेमकं त्या सांध्यात शिरत होतं. दोन वर्षं.

रात्री अप्पांनी विचारलं, पाणी सापडलं का. मी म्हटलं, हो, छपराचं होतं. मग तिथे पाइप नव्हता काय? मी म्हटलं, आवाज कट होतोय अप्पा.

शेजारच्या आजी आता सरळ जातात फुटपाथवरून. तो पाइपचा तुकडा मी परत लावलाय, वरनं दोन स्क्रू मारलेत. मोवर तिथे जात नाही त्यामुळे पाइपच्या दोन्ही बाजूंना वीतभर पट्टा गवताचा तसाच राहतो आणि चांगला तरारलाय, आणि परवा कोपऱ्यावरच्या घरवाल्याने सांगितलं की गवत एका मापापेक्षा वाढलं की त्याचंही वेगळं पत्र येतं म्हणे. पट्टी अजून गाडीच्या डॅशबोर्डवरच आहे.