नाक वर जात नाही, आत जातं

नाकाचं चित्र काढायला सांगितलं, की बहुतेक जण नाकपुड्यांतून दोन नळ्या वर भुवयांकडे नेतात. बाहेरून नाक तसंच दिसतं ना! पण आतला मार्ग आडवा आहे. टाळूची वरची बाजू म्हणजे नाकाचा तळ, आणि तो नाकपुडीतून जवळजवळ सरळ मागे घशाकडे जातो. कोविडच्या चाचणीत ती लांब काडी वर न जाता कानाच्या पातळीत मागे मागे सरकत गेली, तो हाच रस्ता.

नाकात औषधाचा स्प्रे मारताना चूक होते ती इथेच. मान मागे टाकून, बाटली दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याकडे वळवून फवारा मारला जातो. स्टिरॉइडचा स्प्रे रोज पडद्यावर बसला की तिथलं अस्तर कोरडं पडतं, खपल्या धरतात, रक्त येतं आणि बदनाम होतं औषध. मान किंचित पुढे झुकवायची. उजव्या नाकपुडीत मारायचा तर बाटली डाव्या हातात धरायची, म्हणजे टोक आपोआप कानाकडे वळतं. श्वास हळूच घ्यायचा. जोरात ओढलात तर औषध थेट घशात जातं.

बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर एकाखाली एक तीन वळकट्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. सगळ्यात खालची सर्वांत मोठी. तिच्या अस्तरात रक्ताने फुगणारं जाळं असतं. पुण्यातली डिसेंबरची १० अंशांची हवा घशात उतरेपर्यंत ३० अंशांच्या आसपास तापते आणि दमट होते, ती याच उबदार भिंतींना घासून. हे जाळं दर काही तासांनी एका बाजूला फुगतं, दुसऱ्या बाजूला ओसरतं. त्यामुळे नाकपुड्या आलटूनपालटून चोंदत असतील तर तो आजार नाही. कुशीवर झोपल्यावर खालची बाजू बंद होते, तेही यामुळेच.

आरशासमोर टॉर्च मारून लोक हीच गुलाबी वळकटी बघतात आणि ‘नाकात मांस वाढलंय’ म्हणून घाबरतात. पॉलिप, म्हणजे नाकाच्या अस्तराची खरीखुरी वाढ, दिसायला वेगळा: फिकट, करडा, सोललेल्या द्राक्षासारखा. त्याला स्पर्श केला तरी फारसं जाणवत नाही. टर्बिनेटला काडी लागली तर डोळ्यांत पाणी येतं.

चोंदलेलं नाक उघडायला घालतात ते झायलोमेटाझोलिनचे थेंब हेच जाळं आकसवतात, म्हणून पाच मिनिटांत नाक मोकळं होतं. पण पाच-सात दिवसांपुढे तेच थेंब घेत राहिलं, तर औषधाचा असर उतरताच जाळं आधीपेक्षा जास्त फुगतं. मग पुन्हा थेंब. वर्षानुवर्षं उशाशी बाटली ठेवणारे असेच तयार होतात.

खालच्या वळकटीखाली डोळ्यातली अश्रुनलिका उघडते, म्हणून रडताना नाक गळतं. सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या. त्यांपैकी गाल, कपाळ आणि पुढच्या एथमॉइड (नाक आणि डोळा यांच्या मधल्या) सायनसची तोंडं मधल्या वळकटीखालच्या अरुंद जागेत आहेत. तिथे थोडी सूज आली तरी तिन्हींचा निचरा अडतो. त्यात गालाच्या सायनसचं तोंड तळाला नाही, वरच्या अंगाला. तिथला शेंबूड सूक्ष्म केसांना चढावर ढकलत न्यावा लागतो. रचना म्हणून हा प्रकार अगदीच गैरसोयीचा!

आता घोळणा. पडद्याच्या पुढच्या भागात, बरोब्बर बोट पोचतं तिथे, चार-पाच धमन्यांच्या शाखा एकत्र येतात. बहुतेक वेळा रक्त इथूनच येतं. आपल्याकडे लगेच मान मागे टाकायला लावतात, कांदा हुंगवतात, डोक्यावर पाणी थापतात. मान मागे केली की रक्त थांबत नाही, आडव्या तळावरून घशात उतरतं आणि पोटात साचून उलटी होते. बसवा, पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा. वरचं हाड दाबून उपयोग नाही. घड्याळ लावून १० मिनिटं, मध्ये सोडून बघायचं नाही. श्वास तोंडाने घ्यायचा, तोंडात आलेलं रक्त थुंकायचं. थांबलं नाही तर आणखी १० मिनिटं. तरीही वाहत असेल, चिमटीतही रक्त घशातच उतरत असेल, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर घरी वेळ घालवू नका.

थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरायचं नाही. आठवडाभर रात्री पडद्याला थोडी पेट्रोलियम जेली लावायची. आणि मुलाचा घोळणा सारखा फुटत असेल तर आधी त्याची नखं बघा.