सहा पानांच्या सीव्हीतली एक ओळ

गेल्या महिन्यात माझे एक जुने सहकारी आपला सीव्ही घेऊन घरी आले. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचे ते प्लांट हेड आहेत. वय ५२, आणि आता त्यांना एखाद्या कंपनीत चीफ ऑपरेटिंग ऑफिसर या पदासाठी प्रयत्न करायचा आहे. मी मनुष्यबळ विभागात २९ वर्षे काढली असून निवृत्तीपूर्वीची काही वर्षे वरिष्ठ पदांच्या नेमणुकांमध्येच गेली, त्यामुळे असे सीव्ही वाचण्याची मला सवय आहे. तरीही ते सहा पानांचे बाड पाहून मी आधी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो.

पहिल्याच ओळीत ‘ऑब्जेक्टिव्ह’ होते: आव्हानात्मक वातावरणात काम करून स्वतःचा व संस्थेचा विकास साधणे. हे वाक्य त्यांनी डिप्लोमा झाल्यावर पहिल्या नोकरीसाठी लिहिले असावे आणि पुढची ३० वर्षे ते प्रत्येक प्रतीत तसेच उतरत आले असावे. शेवटच्या पानावर जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचे नाव, वाचन व संगीत हे छंद, वरील माहिती खरी असल्याची ग्वाही आणि खाली स्थळ, दिनांक, सही. लग्नाचा बायोडेटा आणि नोकरीचा बायोडेटा आपल्याकडे बहुधा एकाच साच्यातून निघतात. मधल्या पानांत प्रत्येक नोकरीखाली जबाबदाऱ्यांची यादी होती: उत्पादन, गुणवत्ता, देखभाल, स्टोअर्स, सुरक्षितता, ग्राहकांची ऑडिट. प्लांट हेडला हे सगळे पाहावे लागते, हे वाचणाऱ्याला पदनामावरूनच कळते. त्यासाठी चार पाने खर्ची घालण्याचे कारण नाही.

अशा पदासाठीचा सीव्ही आधी सर्च फर्मचा, म्हणजे कंपन्यांना वरिष्ठ पदांसाठी माणसे शोधून देणाऱ्या संस्थेचा, सल्लागार वाचतो आणि मग मालक किंवा संचालक मंडळातील दोन-तीन जण वाचतात. त्यांच्यापुढे बहुतेक वेळा एक नेमकी अडचण असते. कारखाना तोट्यात असतो, युनियनबरोबरचा वेतनकरार रखडलेला असतो, किंवा मालकाच्या पुढच्या पिढीला कारभार सांभाळणारा जाणता माणूस हवा असतो. म्हणून ते पानावर चार गोष्टी शोधतात: याच्या हाती केवढा कारभार होता, तो कोणत्या अवस्थेत हाती आला, याने स्वतः कोणता निर्णय घेतला, आणि पुढे काय झाले. आमच्या स्नेह्यांच्या सीव्हीत या चारांपैकी पहिलीचेच उत्तर होते, तेही अर्धवट. माणसे किती हे होते, उलाढाल किती हे नव्हते.

चौथ्या पानाच्या तळाशी मात्र एक ओळ होती: ‘बीएस-६ संक्रमणाचे काम हाताळले.’ मी त्यांना एवढ्यावरच थांबवून नेमके काय झाले होते ते विचारले, आणि पुढचा पाऊण तास ते बोलत राहिले. बीएस म्हणजे ‘भारत स्टेज’, वाहनांच्या धुरातील प्रदूषणाची मानके. देशाने बीएस-४ नंतर बीएस-५ वगळून थेट बीएस-६ स्वीकारले आणि १ एप्रिल २०२० ही तारीख ठरली. ३१ मार्चनंतर बीएस-४ वाहने विकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच स्पष्ट केले होते. यांचा कारखाना एक्झॉस्टला लागणारे भाग बनवत होता. ग्राहकाची नवी ड्रॉइंग अंतिम झालेली नसतानाच त्यांनी टूलिंगची, म्हणजे नव्या भागांसाठीच्या साच्यांची, ऑर्डर द्यायला मालकांना राजी केले आणि त्याच वेळी जुन्या भागांचा साठा कमी करत आणला, कारण एप्रिलनंतर त्यांतले स्पेअर म्हणून जातील तेवढेच जाणार होते, बाकीचे भंगार. मग २५ मार्चपासून टाळेबंदी लागली आणि शेजारच्या कारखान्यांच्या गोदामांत जुना माल पडून राहिला तेव्हा यांचे गोदाम जवळजवळ रिकामे होते. मालकाचा पैसा पणाला लावून अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे हेच तर वरच्या पदाचे काम, आणि ते ‘हाताळले’ या एका क्रियापदाखाली गाडलेले होते.

हे क्रियापद मला इतक्या सीव्हींत भेटले आहे की त्याचा राग येऊ लागला आहे. ‘लुकिंग आफ्टर’, ‘रिस्पॉन्सिबल फॉर’, ‘इन्व्हॉल्व्ह्ड इन’ ही त्याचीच भावंडे. आपण होऊन आपली स्तुती करू नये, हे लहानपणापासून अंगात मुरलेले असल्याने आपल्याकडचे इंजिनीअर ‘मी ठरवले’ असे लिहायला संकोचतात आणि कर्ता नसलेली वाक्ये लिहितात. मुलाखतीत नम्रता जरूर असावी, पण निर्णय कुणाचा होता हेच कळले नाही तर वाचणारा तो दुसऱ्या कुणाच्या नावावर जमा करतो. चमूचे काम चमूचे म्हणून लिहावे आणि आपला निर्णय आपला म्हणून लिहावा, यात आत्मस्तुती नाही.

आकड्यांबाबत उलट टोकाची चूक होती. एप्रिल ते जून २०२१ या तिमाहीत आदल्या वर्षीच्या तुलनेत विक्री कित्येक पटींनी वाढल्याचे त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले होते. एप्रिल २०२० मध्ये देशातील सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने सुद्धा आपली देशांतर्गत विक्री शून्य असल्याचे जाहीर केले होते. त्या पायावर कोणतीही वाढ डोंगराएवढीच दिसणार, आणि वाहन उद्योगातला वाचक ती ओळ वाचून गालात हसणार. तुलना टाळेबंदीपूर्वीच्या वर्षाशी करावी, मग आकडा लहान का दिसेना. शिवाय हे आकडे पडताळता येतात. खासगी मर्यादित कंपन्यांचे दाखल झालेले ताळेबंदही कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात, आणि चांगली सर्च फर्म ते पाहते. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर जाहीर न झालेले आकडे सीव्हीत घालणे सेबीच्या २०१५ च्या ‘इनसायडर ट्रेडिंग’विषयक, म्हणजे कंपनीतल्या आतल्या माहितीविषयीच्या, नियमांत अडकवू शकते. तिथे वार्षिक अहवालात छापून आलेल्या आकड्यांवरच थांबावे.

बाकीचे काम तासाभरात उरकले. ऑब्जेक्टिव्हच्या जागी तीन ओळींचा परिचय आला, १० वर्षांपूर्वीच्या नोकऱ्या एकेका ओळीत बसल्या, फोटो व छंद गेले, तीन महिन्यांचा नोटीस पीरियडही काढला, कारण तो विचारला जातोच. बीएस-६ ची हकिगत पहिल्या पानावर पाच ओळींत मांडली. सहाची दोन पाने झाली.

वडिलांच्या नावाची ओळ खोडताना ते जरा थबकले. मग त्यांनीच वर जाऊन, आधी नुसते नाव-आडनाव होते तिथे, आपले पूर्ण नाव टंकले.