तुम्ही विचारलंत म्हणून: मोंतोनेत बघायचं काय?

पेरुज्यात राहणाऱ्या मराठी माणसाला उन्हाळ्याच्या तोंडावर ठरलेले प्रश्न येतात. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस झालं, असिसीही झालं, एक दिवस मोकळा आहे, तर कुठे जाऊ? मी मोंतोने सांगतो. मग पुढचा प्रश्न हमखास येतो, "तिथे बघण्यासारखं काय आहे?" अलीकडे काही जण वेगळ्या वाटेने त्याच गावाशी पोचतात. दुसऱ्या महायुद्धात या भागात लढताना मेलेले मराठा सैनिक यशवंत घाडगे (नाईक हा त्यांचा फौजेतला हुद्दा) यांच्या स्मारकाची बातमी त्यांनी वाचलेली असते आणि ते विचारतात, "ते गाव कुठेसं आलं? मुद्दाम वाट वाकडी करण्याजोगं आहे का?" दोघांनाही मी एकच उत्तर देतो, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतो.

मोंतोने हे इटलीतल्या उंब्रिया प्रांताच्या उत्तर भागातलं, पेरुज्याच्या वरच्या अंगाला असलेलं डोंगरगाव. उंची पाचशे मीटरच्या जरा खालीच, लोकवस्ती दीड हजाराच्या आसपास, आणि त्यातलेही बरेच जण तटाबाहेर पसरलेले. खाली तेव्हेरे नदीचं खोरं आहे. रोममध्ये पुलावरून पाहिलेली टायबर ती हीच, फक्त इथे ती अजून अंगाने भरलेली नाही. दुसऱ्या बाजूला कार्पिना नावाच्या ओढ्याचं अरुंद खोरं. दोन्हींच्या बेचक्यात ही टेकडी.

आता बघायचं काय? प्रामाणिक उत्तर असं, की मोंतोनेत "बघायच्या जागा" फार नाहीत. एक चर्च-संग्रहालय, एक पाडलेला किल्ला, एक चौक, तीन वेशी. यादी करून टिचक्या मारत फिरलात तर तासाभरात बाहेर याल आणि मला नावं ठेवाल. मोंतोने हे बघण्यापेक्षा मुख्यतः तिथून बघण्याचं गाव आहे. आणि तिथून दिसतं ते कुणासाठी, कशासाठी दिसावं म्हणून बांधलं होतं, हे ठाऊक असेल तर अर्धा दिवसही अपुरा पडतो.

आपल्याकडे गड पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. बुरुजावरून दिसणारा देखावा हा देखावा म्हणून कुणी केलेला नसतो. कोण येतंय, किती जण, कुठल्या वाटेने, हे आधी कळावं म्हणून माणसं टेकडीच्या माथ्यावर जाऊन बसली. पाणी वर चढवण्याचा त्रास, शेतं खाली, घरं वर, म्हातारपणी गुडघ्यांची वाट, हे सगळं त्यांनी शेकडो वर्षं सोसलं ते भीतीपोटी. आज त्या भीतीचा फोटो काढायला आपण जातो. म्हणून माझी अट अशी, की गाडी खाली लावा आणि वेशीतून पायी चढा. चढताना धाप लागली पाहिजे. एरवी ते गाव तिथे का आहे ते कळत नाही.

गावाच्या तीन वेशी म्हणजेच गावाचे तीन वाडे, म्हणजे पेठा म्हणा: पोर्ता देल बोर्गो, पोर्ता देल मोंते, पोर्ता देल व्हेर्झिएरे. ऑगस्टमधल्या उत्सवात या तिघांत अशी चुरस लागते की एरवी एकाच दुकानातून पाव घेणारी माणसं आठवडाभर एकमेकांना पाण्यात पाहतात. उत्सवाचं निमित्त म्हणजे येशूच्या काटेरी मुकुटातला मानला जाणारा एक काटा, जो व्हेनिसच्या सत्तेने पंधराव्या शतकात इथल्या कार्लो फोर्तेब्राच्ची या सरदाराला त्याच्या चाकरीबद्दल दिला आणि त्याने गावाला अर्पण केला. मध्ययुगीन वेष, तिरंदाजी, मिरवणुका, सगळं असतं. गर्दी चालत असेल तर तेव्हा जा. मला चालत नाही.

कार्लोपेक्षा त्याचा बाप महत्त्वाचा. आंद्रेआ फोर्तेब्राच्ची, जो इतिहासात ब्राच्चो दा मोंतोने म्हणूनच ओळखला जातो. जन्म १३६८. त्या काळी इटलीतली शहरं स्वतःच्या फौजा फारशा बाळगत नसत. करार करून सरदार भाड्याने घेत. पगार थकला की सरदार पलीकडच्या शहराकडे. ब्राच्चो हा अशा सरदारांतला पहिल्या रांगेचा माणूस. त्याचं घराणं पेरुज्याच्या राजकारणात हरलेल्या बाजूचं, त्यामुळे तरुणपण परागंदा अवस्थेत गेलं, आणि आयुष्याचा ध्यास एकच: पेरुज्या परत घ्यायचं. १४१६ च्या जुलैमध्ये सांत'एजिदिओच्या लढाईत त्याने ते घेतलं.

लढण्याची त्याची तऱ्हा त्याच्या नावाने ओळखली जाते. सगळं सैन्य एकदम झोकून न देता लहान तुकड्या करायच्या, एक लढत असताना दुसरीला दम खाऊ द्यायचा, आणि शत्रू थकला की ताजी माणसं पुढे सोडायची. त्याचा जन्माचा स्पर्धक मुत्सिओ आत्तेन्दोलो स्फोर्झा, ज्याचे वंशज पुढे मिलानचे ड्यूक झाले, तो याच्या उलट, एकवटून धडक मारणारा. दोघांच्या दोन "शाळा" झाल्या आणि इटलीतले सरदार पुढे कितीतरी वर्षं या नाहीतर त्या शाळेचे म्हणवून घेत राहिले. दोघं गेलेही एकाच वर्षी. १४२४ च्या जानेवारीत स्फोर्झा पेस्कारा नदीत बुडाला. जूनमध्ये ब्राच्चो ल'अक्विलाच्या लढाईत जखमी होऊन मेला. पोपने त्याला धर्मबाह्य ठरवलेलं असल्यामुळे प्रेताला पवित्र जमीनही मिळाली नाही.

नुसता लुटारू म्हणून त्याला झटकून टाकता येत नाही, हे मला पेरुज्यात राहून कळलं. इथल्या कॅथेड्रलला लागून त्याने बांधवलेल्या कमानींखाली आजही लोक पावसात उभे राहतात. आणि त्रासिमेनो तलावाचं पाणी काठच्या शेतांत घुसत असे, ते काढून देण्यासाठी त्याने डोंगराखालून पाट खोदवला. सत्ता होती जेमतेम आठ वर्षं. एवढ्या वेळात आजची नगरपालिका एका रस्त्याचं टेंडर काढते.

मोंतोनेतला त्याचा गड मात्र शोधावा लागतो. १४७८ मध्ये पोप सिक्स्तुस चौथा याच्या हुकमावरून तो पाडला गेला. घराण्याचा माज उतरवायचा तर आधी त्याचा बालेकिल्ला उतरवायचा, हा हिशोब सगळीकडे सारखाच. आज गावाच्या उंच टोकाला त्याचे अवशेष आहेत, आणि तुम्ही देखाव्याचं विचारलंत तर तो इथून. खाली उंबेर्तिदे हे गाव, त्यामागे शंकूसारखा मोंते आकूतो, खोऱ्यात तेव्हेरेची झाडीची रेघ, शेतांचे चौकोन. पूर्वेकडे डोंगर एकामागे एक चढत अपेनाइनकडे जातात. पाच मिनिटं फोटो काढा, हरकत नाही. मग फोन खिशात टाका आणि पहारेकऱ्यासारखं बघा: पेरुज्याकडून फौज निघाली तर पहिल्यांदा कुठे दिसेल?

सान फ्रांचेस्कोचं चर्च हे आता संग्रहालय आहे. चौदाव्या शतकातलं, गॉथिक घाटाचं, एकाच लांब दालनाचं. फ्रान्सिस्कन साधूंची चर्चं अशी साधीच असतात. आतली काही भित्तिचित्रं ब्राच्चोनेच करवून घेतलेली. मी मात्र तुम्हाला थेट बार्तोलोमेओ कापोराली याच्या १४८२ च्या पताकेसमोर उभं करीन. ही कापडावर रंगवलेली पताका. साथ आली, अरिष्ट आलं की अशा पताका घेऊन उंब्रियातली गावं मिरवणूक काढत. वर माता मरिया आहे, आणि चित्राच्या तळाशी खुद्द मोंतोने: तट, मनोरे, टेकडी. म्हणजे गावाने स्वतःला बाहेरून, खालून कसं पाहिलं ते इथे दिसतं. गड पाडून चार वर्षं झालेली असताना ही पताका रंगवली आहे, हे ध्यानात ठेवून बघा. पेरुज्याच्या मोठ्या कलादालनात यापेक्षा सरस चित्रं आहेत, पण तिथे चित्रातलं गाव खिडकीबाहेर नसतं.

त्याच संग्रहालयात तेराव्या शतकातला लाकडी मूर्तींचा संच आहे, क्रुसावरून उतरवलेला येशू. तोही चुकवू नका.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. वरून पाहिलंत ते खोरं १९४४ च्या उन्हाळ्यात खालून वर चढलं गेलं. जर्मन फौज रोम सोडून उत्तरेकडे हटत होती, पण प्रत्येक टेकडीवर मशीनगन ठेवून. ब्रिटिश आठव्या सेनेतली दहावी इंडियन डिव्हिजन तेव्हेरेच्या या वरच्या खोऱ्यातून पुढे सरकत होती, आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती. कोकणातली, देशावरची पोरं. १० जुलैला या खोऱ्यातल्या उंचवट्यांवर एका कंपनीने चढाई केली. नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या तोंडी सापडली. ते सोडून सगळे ठार किंवा जखमी. घाडगे एकटेच त्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा उडवला, टॉमीगनने एकाला टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. तेवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या मोर्चातच ते गेले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गाव पळसगाव-आमडोशी, तालुका माणगाव. माणगावात त्यांचा पुतळा आहे, मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्यांपैकी किती जण तिथे थांबतात कोण जाणे.

मोंतोनेतलं स्मारक जुलै २०२३ मध्ये उभं राहिलं. ते आहे सूर्यघड्याळ, आणि त्यावरच्या लॅटिन ओळीचा आशय असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांचे, आणि भारतीय सैन्याचे ५,७८२ जण इथे कामी आले. पण "त्यांची समाधी कुठे?" असं विचाराल तर ती नाही. घाडगे यांचं नाव दूर दक्षिणेला, कासिनोच्या स्मारकभिंतीवर आहे, ज्यांची कबर कुठेच नाही अशांच्या यादीत.

इथे एक गोष्ट जोडतो, कारण अभिमानाच्या भरात ती राहून जाते. ज्या दोस्त राष्ट्रांच्या बाजूने आपली माणसं लढत होती, त्यांच्याच विमानांनी २५ एप्रिल १९४४ ला खालच्या उंबेर्तिदेवर बॉम्ब टाकले. लक्ष्य नदीवरचा पूल होता. बॉम्ब वस्तीवर पडले आणि ७० गावकरी मेले. त्यानंतर अडीच महिन्यांत त्याच सैन्याला लोकांनी मुक्तिदाते म्हणून पाहिलं, आणि ऐंशी वर्षांनीही शेजारच्या गावाने आपल्या एका नाइकासाठी दगड उभा केला. मी इथल्या म्हाताऱ्यांशी बोललो आहे. त्यांना या दोन गोष्टींत विसंगती वाटत नाही. मला अजून थोडी वाटते.

आसपासचं थोडक्यात. उंबेर्तिदेत सांता क्रोचे चर्चमध्ये लुका सिन्योरेल्लीचं १५१६ चं मोठं चित्र आहे, क्रुसावरून उतरवण्याच्याच प्रसंगाचं. वरच्या लाकडी मूर्ती पाहून त्याच दिवशी ते बघा. उत्तरेला चित्ता दी कास्तेल्लो. खोऱ्यात तंबाखू पिकते, आणि तिथले तंबाखू वाळवायचे प्रचंड गोदामवजा वाडे आता आल्बेर्तो बुर्री याच्या चित्रांचं दालन झालेत. हा गडी इटलीच्या फौजेत डॉक्टर होता, ट्युनिशियात दोस्त राष्ट्रांच्या हाती सापडला, टेक्सासमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत चित्रं काढू लागला आणि पुढे गोणपाट फाडून-शिवून केलेल्या चित्रांनी नावाजला. आवडेल की नाही सांगता येत नाही. माझ्या मेव्हण्याने दारातच हात जोडले.

उरलं सोयीचं. रेल्वेने उंबेर्तिदेपर्यंत येता येतं, बसवर भिस्त ठेवू नका, भाड्याची गाडी बरी. संग्रहालयाच्या वेळा आधी विचारून घ्या, हिवाळ्यात विशेषतः. दुपारी सगळं गाव झोपतं, दुकानंही. शाकाहारी असाल तर तोर्ता अल तेस्तो मागा, तापलेल्या चपट्या दगडी किंवा लोखंडी तव्यावर भाजलेली जाड भाकरीच समजा, आत चीज आणि पालेभाजी भरून देतात. पीठ मळताना डुकराची चरबी घातली आहे का, एवढं मात्र विचारा, काही जण घालतात.

आणि शेवटचा नेहमीचा प्रश्न: मुलांना कंटाळा येईल का? येईल. त्यांना गडाच्या अवशेषांपाशी सोडा आणि आळीपाळीने पहारेकरी व शत्रू करा. शत्रूने खालच्या वेशीपासून सुरुवात करायची.