केळीचे कलम, थंडी आणि आमची रोपवाटिका

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात केळीची रोपवाटिका चालवणाऱ्याला दर हिवाळ्यात एक प्रश्न ठरलेला असतो. आंब्याला कलम होतं, वांग्याला होतं, मग केळी एखाद्या काटक रानकेळीवर का बांधत नाही?

आम्ही सुरुवात केली ती श्रीमंती, बसराई या वाणांचे मुनवे, म्हणजे कंदातून फुटणारी पिले, विकून. पुढे ग्रँड नैन वाणाची, प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यू कल्चर रोपे आली आणि शेडनेट उभे राहिले. पण थंडी तीच राहिली. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली गेला की पोंगा, म्हणजे गुंडाळलेले नवे पान, उघडत नाही, पानांवर चरका येतो, म्हणजे ती थंडीने करपतात, आणि ऐन निसवणीला, म्हणजे बाहेर पडायला, आलेला घड खोडातच अडकतो. वर्षभराची मेहनत अशी अडकलेली पाहिली की कलमाचा प्रश्न मनातून जात नाही.

म्हणून आम्ही तो करून पाहिला. कोवळ्या रोपांवर पाचर कलम केले, कंदाला कंद बांधला. काप काळे पडले, कुजले. कारण केळीच्या घडणीतच आहे. आंब्याच्या सालीखाली वाढत्या पेशींचा थर असतो, तो जुळला की सांधा भरतो. केळी एकदल, तिला हा थरच नाही. जे खोड दिसते तो पानांच्या बुडांचा घट्ट गुंडाळा.

2021 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी बियांतील भ्रूणाच्या कोवळ्या ऊती जोडून एकदल पिकांतही कलम साधले, त्यात केळीही होती. ती बातमी वाचून आम्हाला मनापासून आनंद झाला. मात्र ग्रँड नैनला बीच धरत नाही, मग भ्रूण आणायचा कुठून? समजा जमलेच, तरी मुनवे फुटणार खालच्या रानकेळीच्या कंदातून, म्हणजे मुनव्यांवर घ्यायचे पुढचे पीक, पिलबाग, हातची गेली. शिवाय वरची पाने ग्रँड नैनचीच, थंडी त्यांनाच लागणार. मुसा बासजू ही चीनकडची केळी थंडीला सर्वांत काटक म्हणतात, पण कडाक्यात तिचीही पाने जळतात. टिकतो तो जमिनीतला कंद, आणि तिची फळे खाण्याजोगी नसतात.

म्हणून आमचा भर आता रोप कणखर करण्यावर आहे. सावली आणि पाणी हळूहळू कमी करून, उन्हाची सवय लागल्यावरच रोप गाडीत चढते. बुकिंग घेताना निसवण कोणत्या महिन्यात येईल ते आधी मांडतो; कडाक्यात येत असेल तर लागवडीची तारीख बदलायला सांगतो, ऑर्डर गेली तरी चालेल. बागेभोवती शेवरी दाट लावा, थंडीच्या रात्री विहिरीचे पाणी द्या, पहाटे धूर करा, घडाला स्कर्टिंग बॅग, म्हणजे झाकणारी पिशवी, घाला, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

आणि एक काम मन लावून चालू आहे. गारठ्यातही ज्या झाडाची निसवण सुटसुटीत झाली आणि ज्यावर व्हायरसची खूण नाही, असे झाड तुमच्या बागेत दिसले तर कळवा. त्याचे मुनवे आम्ही नेतो, आमच्या शेतात वेगळ्या ओळीत लावतो आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तपासतो.